इनऑर्गॅनिकचा गृहपाठ अडला तर मदत कशी मागावी : बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी

हा लेख प्रामुख्याने एस.वाय. आणि टी.वाय. बी.एस्सी.च्या, म्हणजे कोऑर्डिनेशन कॉम्प्लेक्स, क्रिस्टल फील्ड सिद्धांत, विभवांच्या आकृत्या आणि आवर्तसारणीतील कल यांच्याशी प्रथमच गाठ पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ऑर्गॅनिकच्या गणितात बाण कोठे चुकला हे दाखवता येते आणि फिजिकलमध्ये सूत्र कोणते हे विचारता येते. इनऑर्गॅनिकमध्ये मात्र अडलेला विद्यार्थी बहुधा ‘काहीच कळत नाही’ एवढेच सांगतो, आणि या वाक्यावर कोणत्याही शिक्षकाला मदत करता येत नाही. मी स्वतः हा विषय एम.एस्सी.पर्यंत शिकलो आणि पुढे धाकट्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसली : पेन्सिल जेथे थांबते, तेथे चूक क्वचितच असते. ती दोनतीन ओळी वर, ऑक्सिडीकरण अंक किंवा इलेक्ट्रॉनांची मोजणी करताना, झालेली असते. त्यामुळे मदत मागण्याचे निम्मे काम म्हणजे ती ओळ शोधणे होय. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. मदत मागण्यापूर्वी अडलेली ओळ शोधा

कॉम्प्लेक्सवरील कोणताही प्रश्न घ्या, त्याची उकल साधारण याच क्रमाने जाते : आयनावरील एकूण प्रभार, लिगँडांचे (धातूला जोडलेल्या रेणूंचे किंवा आयनांचे) प्रभार, धातूची ऑक्सिडीकरण अवस्था, डी-इलेक्ट्रॉनांची संख्या, लिगँडची ताकद, भूमिती, कक्षकांचे विभाजन, इलेक्ट्रॉनांची भरणी आणि सर्वांत शेवटी मागितलेली संख्या किंवा कारण. एका कोऱ्या कागदावर या प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र ओळ सोडा आणि जेवढे येते तेवढे लिहा. जी ओळ लिहिताना तुम्ही अंदाज करता, तीच तुमची अडलेली ओळ.

निकेलच्या त्रिकुटावर हे करून पाहू. टेट्राक्लोरिडोनिकेलेट(२−) पॅरामॅग्नेटिक (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला) आहे, टेट्रासायनिडोनिकेलेट(२−) डायमॅग्नेटिक (सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असलेला) आहे आणि निकेल टेट्राकार्बोनिलही डायमॅग्नेटिक आहे. कारणे द्या, असा प्रश्न जवळपास प्रत्येक विद्यापीठात कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला जातो. पहिल्या दोहोंत फारशी अडचण येत नाही. दोन्हींत निकेल +२ म्हणजे डी-आठ आहे; क्लोराइड कमकुवत असल्याने पहिला आयन टेट्राहेड्रल होतो, त्यात दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन राहतात आणि मॅग्नेटिक मोमेंट आठच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे २.८३ बोर मॅग्नेटॉन येतो. सायनाइड प्रबळ असल्याने दुसरा आयन स्क्वेअर प्लेनर होतो आणि सर्व इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. विद्यार्थी अडतो तो तिसऱ्यापाशी. कार्बोनिल हाही प्रबळ लिगँड, रेणूही डायमॅग्नेटिक, तेव्हा भूमिती स्क्वेअर प्लेनरच असणार, असे तो लिहितो. पुस्तकात टेट्राहेड्रल दिसते आणि मग ‘भूमिती कशी ठरते तेच कळत नाही’ अशी तक्रार घेऊन तो शिक्षकांकडे जातो.

त्याची शंका भूमितीची नाहीच. कार्बन मोनॉक्साइड उदासीन आहे, रेणूही उदासीन आहे, म्हणून निकेलची ऑक्सिडीकरण अवस्था शून्य आहे. कॉम्प्लेक्समधील शून्य-संयुजी निकेलचे दहाही इलेक्ट्रॉन डी-कक्षकांत मोजायचे असतात. सुट्या अणूची ३डी-आठ ४एस-दोन ही मांडणी येथे तशीच उचलून ठेवायची नाही. डी-दहा म्हटल्यावर अयुग्मित इलेक्ट्रॉनाला जागाच उरत नाही आणि रेणू टेट्राहेड्रल असूनही डायमॅग्नेटिक राहतो. चूक तिसऱ्या ओळीत होती, प्रश्न मात्र सहाव्या ओळीबद्दल विचारला जात होता. असा प्रश्न शिक्षकांकडे गेला, तर ते प्रामाणिकपणे भूमितीवर दहा मिनिटे बोलतील आणि तुमची गाठ सुटणार नाही.

२. हाताशी काय हवे

यादी लांब नाही, पण यांतील एखादी वस्तू नसताना सुरुवात केली, तर अर्धा वेळ शोधण्यातच जातो.

• गट १ ते १८ असे क्रमांक असलेली आवर्तसारणी. जुन्या सारणीतील रोमन आकडे आणि ए-बी विभागणी युरोपात व अमेरिकेत वेगवेगळी होती, म्हणून ती टाळलेली बरी.
• लिगँडांची स्पेक्ट्रोकेमिकल श्रेणी, म्हणजे कमकुवत ते प्रबळ अशी क्रमवार यादी, स्वतःच्या हाताने लिहिलेली.
• प्रमाण विभवांचा तक्ता, ज्यात माध्यम आम्ल की अल्कली हे स्पष्ट लिहिले आहे.
• वर्गमूळ काढणारा साधा कॅल्क्युलेटर आणि दोन स्थिरांक : फॅरडे स्थिरांक ९६,४८५ कूलोम प्रतिमोल, आणि १ प्रतिसेंटिमीटर म्हणजे ११.९६ जूल प्रतिमोल.
• तुमच्या विद्यापीठाचा त्या सत्राचा अभ्यासक्रम. एखाद्या प्रश्नाचे उत्तर व्हॅलन्स बाँड सिद्धांताने अपेक्षित आहे की क्रिस्टल फील्डने, हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते.
• समघटकांच्या प्रश्नांसाठी मॉडेल किट. किट महाग वाटत असेल, तर कणकेचे गोळे आणि टूथपिक यांवर काम भागते.

शेवटच्या वस्तूला विद्यार्थी हसतात, म्हणून थोडे अधिक. डायक्लोरिडोबिस(इथिलीनडायअमीन)कोबाल्ट(१+) या आयनाचे एकूण किती त्रिमितीय समघटक, असा प्रश्न कागदावर सोडवताना बहुतेकांचे उत्तर दोन येते : सिस आणि ट्रान्स. मधल्या गोळ्यात सहा काड्या खोचा, दोन क्लोराइड शेजारी ठेवा, उरलेल्या काड्यांच्या दोन जोड्या दोऱ्याने बांधा आणि तसेच दुसरे मॉडेल आरशातील प्रतिमेप्रमाणे बनवा. ही दोन सिस मॉडेले कशीही फिरवली तरी एकमेकांवर बसत नाहीत. ट्रान्स मात्र आपल्या प्रतिमेवर अचूक बसते. म्हणजे समघटक तीन. ही गोष्ट कोणी तोंडी सांगून पटत नाही, ती हातात धरूनच पटते, आणि त्यासाठी शिक्षकांना थांबवण्याची गरजही उरत नाही.

३. प्रश्नाची जात ओळखा, कारण त्यावरून माणूस ठरतो

आकडेमोडीचा प्रश्न वर्गमित्राबरोबर सुटतो; दोघांची उत्तरे वेगळी आली की ओळीला ओळ लावून पाहायची. नावे लिहिण्याचा प्रश्न नियमांचा आहे, तेथे माणसाकडे जाण्याऐवजी नियमच उघडावेत. ‘कारण द्या’ आणि ‘तुलना करा’ हे प्रश्न मात्र शिक्षकांसाठी राखून ठेवावेत, कारण त्यांत एकापेक्षा अधिक घटक एकाच वेळी काम करत असतात आणि कोणता घटक वरचढ ठरतो हे अनुभवी माणूसच नेमके सांगू शकतो. प्रॅक्टिकलमधील गुणात्मक विश्लेषणाचा प्रश्न असेल, तर प्रयोगशाळेतील सहायकांना विचारा. निकेलच्या चाचणीत डायमिथिलग्लायऑक्झाइम घालूनही गुलाबी-लाल साका आला नाही, तर पुस्तकातील प्रकरण धुंडाळण्याआधी त्यांना परीक्षानळी दाखवावी. द्रावण अमोनियाने पुरेसे अल्कधर्मी केलेले नाही, हे ते वासावरूनच सांगतील.

४. प्रश्न लिहून काढा

तोंडी विचारायचे असले तरी आधी लिहा. ‘सर, तिसरा प्रश्न येत नाही, प्लीज सोडवून पाठवा’ असा निरोप गेला, तर उत्तर न येण्याचीच शक्यता अधिक, आणि आले तरी ते संपूर्ण उकलीचे छायाचित्र असेल, ज्यात तुमची अडलेली ओळ कोणती हे तुम्हालाही कळणार नाही. त्याऐवजी पुढील नमुना पाहा :

‘सर, नमस्कार. मी टी.वाय.ची विद्यार्थिनी. असाइनमेंट दोनमधील तिसऱ्या प्रश्नात हेक्साफ्लोरिडोकोबाल्टेट(३−) या आयनाचा मॅग्नेटिक मोमेंट काढायचा आहे. कोबाल्ट +३, म्हणजे डी-सहा, असे मी धरले. फ्लोराइड कमकुवत असल्याने हाय-स्पिन मांडणी घेतली, चार अयुग्मित इलेक्ट्रॉन आले आणि उत्तर ४.९० बोर मॅग्नेटॉन मिळाले. पण कोबाल्ट +३ ची कॉम्प्लेक्स बहुतेक लो-स्पिन असतात असे वहीत आहे. येथे तसे का होत नाही, एवढेच समजले नाही. गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर दोन मिनिटे येऊ का?’

या निरोपात चार गोष्टी आहेत : प्रश्न कोणता, आतापर्यंत काय केले, नेमके काय खटकते आणि किती वेळ हवा. यावर शिक्षकांना एका वाक्यात उत्तर देता येते. कोबाल्ट +३ साठी इलेक्ट्रॉनांची जोडी जुळवण्याची ऊर्जा सुमारे २१,००० प्रतिसेंटिमीटर धरली जाते; अमोनियाबरोबर विभाजन सुमारे २३,००० असल्याने जोडी जुळणे परवडते, फ्लोराइडबरोबर ते सुमारे १३,००० वरच थांबते, म्हणून इलेक्ट्रॉन सुटेच राहतात. वहीतील वाक्य खरे आहे आणि विद्यार्थिनीचे उत्तरही खरे आहे. असा निरोप लिहिताना निम्म्या वेळा उत्तर आपले आपणच सापडते, ही त्याची वरकड कमाई.

छायाचित्र पाठवायचे असेल, तर प्रश्नाचे नव्हे, आपल्या कच्च्या कामाचे पाठवावे. खोडलेले तसेच राहू द्यावे. शिक्षकांना त्यातूनच अधिक समजते.

५. शिक्षकांकडे केव्हा जावे

तास संपल्याबरोबर टेबलाभोवती गर्दी होते, त्या वेळी गंभीर शंका विचारू नये. प्रॅक्टिकलच्या दिवशी वाचने नोंदवून झाल्यावरची दहापंधरा मिनिटे सर्वांत उपयोगाची असतात. ब्युरेट हातात असताना मात्र विचारू नका, तुमचाही अंत्यबिंदू निसटेल आणि पुढच्याचाही. सबमिशनच्या आदल्या दिवशी आलेली शंका कोणालाच आवडत नाही, म्हणून असाइनमेंट मिळाल्यावर दोन दिवसांत निदान सर्व प्रश्न वाचून त्यांवर खुणा तरी करून ठेवाव्यात. वरच्या वर्गातील दादा-ताईंना विचारण्यात संकोच नको, परंतु त्यांनी सांगितलेले ‘असेच लिही, मार्क मिळतात’ हे वाक्य कारण म्हणून स्वीकारू नये.

मराठी माध्यमातून दहावी करून विज्ञान शाखेत आलेल्यांना आणखी एक अडचण असते : शंका मनात मराठीत असते आणि वर्गात ती इंग्रजीत मांडण्याचे दडपण येते. ती मराठीतच विचारा. पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवून वाक्य मराठीत बोलणे हीच आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांची रोजची भाषा आहे.

६. घरबसल्या मिळणारी भरवशाची मदत

एनपीटीईएल आणि स्वयम् या दोन्ही ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या ठिकाणी आयआयटीच्या प्राध्यापकांची कोऑर्डिनेशन रसायनशास्त्रावरील व्याख्याने विनामूल्य आहेत. संपूर्ण अभ्यासक्रम पाहण्याच्या फंदात पडू नका. अडलेल्या ओळीचा विषय ज्या व्याख्यानात आहे तेवढेच पाहा. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीत पाठ्यसामग्री शोधता येते, आणि केमिस्ट्री लिब्रटेक्स्टमध्ये सोडवलेली उदाहरणे भरपूर आहेत.

माझ्या मते मात्र सर्वांत दुर्लक्षित ठेवा मुंबईतच आहे. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र देशातील रसायनशास्त्र ऑलिंपियाडचे काम पाहते आणि मागील वर्षांच्या राष्ट्रीय परीक्षेचे प्रश्न उत्तरांसह उपलब्ध करून देते. ती परीक्षा बारावीच्या वयाच्या मुलांसाठी असली, तरी तिच्यातील इनऑर्गॅनिकचे प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यालाही घाम फोडतात, आणि मोठा प्रश्न लहान लहान उपप्रश्नांत तोडलेला असल्यामुळे उकल टप्प्याटप्प्याने कशी करावी हे त्यांतून आपोआप शिकायला मिळते. टी.वाय.च्या विद्यार्थ्यांनी आयआयटी जॅमचे, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचे, जुने पेपर घ्यावेत. त्यांची उत्तरसूची अधिकृत असते, हा मोठा फायदा.

७. नेहमीचे सापळे

पहिला आणि सर्वांत महागडा सापळा विभवांचा. आम्ल माध्यमात परमँगनेटपासून मँगनीज डायऑक्साइडपर्यंत प्रमाण विभव १.७० व्होल्ट आणि तेथून मँगनीज +२ पर्यंत १.२३ व्होल्ट दिले आहे. परमँगनेट ते मँगनीज +२ किती? कोणी बेरीज करून २.९३ लिहितो, कोणी सरासरी काढून १.४७ लिहितो. सरासरीचे उत्तर खऱ्या उत्तराच्या इतके जवळ येते की तपासणाऱ्याचीही क्षणभर फसगत व्हावी. विभव ही प्रतिइलेक्ट्रॉन राशी आहे, म्हणून ती थेट मिळवता येत नाही. मिळवायची ती गिब्ज ऊर्जा. पहिल्या टप्प्यात तीन इलेक्ट्रॉन लागतात, तीन गुणिले १.७० म्हणजे ५.१०, दुसऱ्यात दोन, दोन गुणिले १.२३ म्हणजे २.४६, बेरीज ७.५६ आणि एकूण इलेक्ट्रॉन पाच, म्हणून उत्तर १.५१ व्होल्ट. येथे अडलात, तर ‘सूत्र कोणते’ असे न विचारता ‘प्रत्येक टप्प्यात किती इलेक्ट्रॉन’ असे विचारा.

दुसरा सापळा नावांचा. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००५ च्या शिफारशींनुसार क्लोराइड लिगँडचे नाव ‘क्लोरिडो’ आणि सायनाइडचे ‘सायनिडो’ असे लिहितात. जुन्या पुस्तकांत ‘क्लोरो’ आणि ‘सायनो’ आहे. उत्तर चुकले असे समजून रात्र घालवण्यापूर्वी पुस्तकाची आवृत्ती पाहावी आणि शिक्षकांना कोणती पद्धत चालते ते एकदाच विचारून घ्यावे.

तिसरा मॅग्नेटिक मोमेंटचा. स्पिन-ओन्ली सूत्राने (केवळ अयुग्मित इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून) आलेली संख्या आणि प्रयोगात मिळालेली संख्या नेहमी जुळतेच असे नाही. ऑक्टाहेड्रल हाय-स्पिन कोबाल्ट +२ साठी सूत्र ३.८७ देते, प्रत्यक्ष मूल्ये साधारण ४.३ ते ५.२ च्या दरम्यान येतात, कारण तेथे इलेक्ट्रॉनाच्या कक्षीय गतीचाही वाटा असतो. अशा वेळी आपली आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसू नये. प्रश्नात ‘निरीक्षित मूल्य’ दिले असेल, तर हा फरक समजावून सांगणे हाच प्रश्नाचा गाभा असतो.

चौथा एककांचा, आणि तो लवकर उरकता येतो. हेक्साअॅक्वाटायटॅनियम(३+) चे विभाजन २०,३०० प्रतिसेंटिमीटर दिले असेल, तर ते सुमारे २४३ किलोजूल प्रतिमोल होते. स्थिरीकरण ऊर्जा त्याच्या ०.४ पट, म्हणजे सुमारे ९७. येथे हजारपटीची चूक होते ती जूल आणि किलोजूल यांच्या गोंधळाने.

पाचवा सापळा तयार उत्तरांचा. बाजारातील गाइडमध्ये छापील चुका असतात, आणि एआय चॅटबॉट अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचा ऑक्सिडीकरण अंक लिहून त्यावर सुबक स्पष्टीकरण रचतो. चॅटबॉट वापरूच नये असे मी म्हणणार नाही. पण त्याच्याकडून पूर्ण उत्तर मागण्याऐवजी आपली उकल त्याला देऊन ‘यातील कोणती ओळ तपासावी’ असे विचारावे, आणि त्याने दिलेल्या प्रत्येक सूत्रात प्रभारांची बेरीज स्वतः करून पाहावी. बेरीज जुळली नाही, तर पुढचे वाचायचे कारण नाही. उत्तर जसेच्या तसे उतरवण्याबद्दल वेगळे सांगायला नको. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्याच जर्नलमधील ओळीवर बोट ठेवून विचारतात.

८. मदत मिळाल्यानंतर

शंका सुटली की तेथेच थांबू नका. वही मिटा, त्याच दिवशी कोऱ्या कागदावर तोच प्रश्न पुन्हा सोडवा आणि मग त्याचे भावंड शोधा : धातू तोच ठेवून लिगँड बदला, किंवा लिगँड तोच ठेवून धातू किंवा त्याची ऑक्सिडीकरण अवस्था. हेक्सासायनिडोफेरेट(३−) केले असेल, तर हेक्सासायनिडोफेरेट(४−) करा. पहिल्यात एक अयुग्मित इलेक्ट्रॉन आहे, दुसऱ्यात एकही नाही, आणि हे का, ते कोणाच्याही मदतीविना सांगता आले पाहिजे.

विभवांसाठी तांबे घ्या. तांबे +२ ते +१ साठी ०.१५ व्होल्ट आणि +१ ते धातूसाठी ०.५२ व्होल्ट. +२ ते धातू काढताना इलेक्ट्रॉनांनी गुणून, बेरजेला दोनने भागून सुमारे ०.३४ येते. पण तांबे +१ पाण्यात स्वतःच फुटून +२ आणि धातू बनते का, हे तपासताना ०.५२ मधून ०.१५ सरळ वजा करून ०.३७ मिळवायचे. एका ठिकाणी थेट बेरीज निषिद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी थेट वजाबाकी योग्य, हे कसे, यावर शिक्षकांकडे जाण्यापूर्वी दोन्ही समीकरणे पूर्ण लिहून इलेक्ट्रॉन कोठे शिल्लक राहतात आणि कोठे कटतात ते पाहा. दुसऱ्या प्रकरणात ते पूर्ण कटतात.